सालाचं भाडं

"अठरा हजार दिरम," दीपेश म्हणाला आणि वहीतल्या आकड्याखाली त्यानं दुसऱ्यांदा रेघ ओढली. "गुणिले साडेबारा. सव्वादोन लाख रुपये. नुसतं भाडं."

"महिन्याला?" हनुमाननं विचारलं.

"मग काय दादा? फोनवर जैतूनं सगळं महिन्याचंच सांगितलंय. खाणं आठशे, लाइट-पानी-गॅस अडीचशे, बस दोनशे. भाडं अठरा हजार. पगार साडेचार."

ओट्यावर दोघांची आई बसली होती, सकुबाई. तिच्या हातातलं सूप चालू होतं. नव्या भाताचे तांदूळ होते, त्यातली कणी ती वेगळी काढत होती. थोरली सून प्रेमा दारात बसून वाल सोलत होती आणि तिच्या मांडीला टेकून नम्रताची चार वर्षांची काजल टरफलं मोजत होती, एक, दोन, पाच, नऊ.

नम्रता खांबाला पाठ लावून बसली होती. तिनं वहीकडं पाहिलं नाही, नवऱ्याकडंही पाहिलं नाही. आठ दिवसांपूर्वी दीपेशला शारजाच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हापासून तिनं मनातल्या मनात तिथलं स्वयंपाकघर लावून टाकलं होतं. मिसळणाचा डबा कुठं, काजलचं दप्तर कुठं अडकवायचं, सगळं. मुरबाडला माहेरी जाऊन आईला सांगूनही आली होती. आता त्या स्वयंपाकघराचं भाडं सव्वादोन लाख निघालं होतं. तिला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून ती अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीकडं बघत बसली.

सोमवारी एजंटाला फॉर्म द्यायचा होता. त्यात दोन चौकोन होते. पहिला एकट्याचा: तीन हजार दिरम पगार, राहायला कंपनीची खोली, एका खोलीत आठजण. दुसरा सहकुटुंब: साडेचार हजार, घर ज्याचं त्यानं बघायचं. एकदा खूण केली की दोन वर्षं बदल नाही आणि दोन वर्षं सुट्टीही नाही. मुरबाडच्या कारखान्यात दहा वर्षं मशिनी दुरुस्त करणाऱ्या दीपेशला तिकडून बोलावणं येणं ही सगळ्या पाड्याला कौतुकाची गोष्ट होती, पण तो चौकोन पाड्यानं भरायचा नव्हता.

"मंग ठरलंच की," हनुमान म्हणाला. वडील धाकलूबाबा गेल्यापासून घरातलं ठरवणं त्याच्याकडं आलं होतं आणि ते त्याला आवडतही होतं. "हा एकटा जाईल. नम्रता नि काजल आपल्यात. आपली मानसं भट्टीवर जगायला जातात तसंच हे. फक्त विमानानं."

"दादा, मी जगायला नाय चाललो," दीपेश पटकन बोलला. "नोकरीला चाललोय."

डोळखांबच्या या डोंगरांत भात झोडून झाला की माणसं वीटभट्ट्यांवर जातात. कामाला गेली असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही, जगायला गेली म्हणतात. दीपेश पहिलीत असताना आईबापाबरोबर भट्टीवर गेला, तेव्हा मास्तरांनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढं तसंच लिहून ठेवलं होतं: जगायला गेला. पुढं पावसाळ्यात तो शाळेत परतला तर मास्तर वर्गात म्हणाले, आला का जगून? सगळी पोरं हसली. पंचवीस वर्षं झाली त्याला, पण दीपेशला तो शब्द अजून काट्यासारखा सलतो.

"पन मला एक सांग," नम्रता म्हणाली. "सव्वादोन लाख भाडं, तर ती घरं बांधलीत कुनासाठी?"

"शेख लोकांसाठी," हनुमान म्हणाला. "त्यांना काय कमी हाय?"

शेख लोकांबद्दल हनुमानची माहिती टेम्पोत ऐकलेल्या गप्पांवर उभी होती, पण ती ठाम होती.

सूप थांबलं.

"दीपेश," सकुबाई म्हणाली, "तुला तिथं खर्ची कोन देनार?"

"आये, खर्ची भट्टीवर असते. शेठ बाजाराच्या दिवशी देतो ती. इथं पगार हाय."

"तेच इचारते. एकला राहशील तर तुजी खर्ची निराळी, नि इथं ह्या दोघींची निराळी. दोन चुली पेटनार. मी नि तुजा बाप भट्टीवर जायचो ना, तवा जे बाप्ये एकले यायचे त्यांची खर्ची शनवारचे रविवारी संपायची. भजी खा, च्या पी, आनि काय काय पी. आमी तिघांचं भागवून शेवटाला हिशेबात पैसा उरवायचो."

"खरंय गो आये, पन भाडं बघ ना."

"तेच बघते. ते घर सालाला घेतलंस का महिन्याला?"

हनुमान हसला. "आये, घराचं भाडं महिन्यालाच असतं. कल्याणला बघ, टिटवाळ्याला बघ."

"मी कशाला बघू कल्याण?" सकुबाईनं सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला. "आपन वरची वरकस जमीन बाईजाला नाचनी लावायला देतो, ती काय महिन्याला देतो? सालाला देतो. भट्टीवाला उचल देतो, ती हंगामाची देतो. महिन्याचं सगळं तुमच्या कल्यानवाल्यांचं. तिकडचा रिवाज तुला काय ठावं? जैतूला इचारलंस?"

दीपेशनं वहीत पाहिलं. विचारलं नव्हतं. शहापूरच्या स्टँडसमोरच्या बूथवर परदेशच्या फोनचं मीटर असं पळतं की माणूस समोरच्याशी कमी आणि त्या लाल आकड्यांशीच जास्त बोलतो. जैतू हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चार वर्षांपासून शारजात होता. तो सांगत गेला, हा लिहीत गेला. शेवटी भाडं अठरा हजार एवढं ऐकू आलं आणि दीपेशनं फोन ठेवून दिला. त्र्याण्णव रुपये झाले होते.

नम्रता मात्र ताठ बसली. अठरा हजार भागिले बारा. ती बारावीपर्यंत शिकली होती आणि बाराचा पाढा काही तिला बोटांवर करायला लागत नव्हता. दीड हजार. तिनं हात लांब करून दीपेशच्या मांडीवरचा फॉर्म ओढला. एकट्याचे तीन हजार, सहकुटुंब साडेचार हजार. मधला फरक किती?

"दीड हजार," ती मोठ्यानं म्हणाली. "वर्षाचं भाडं असंल तर महिन्याला दीड हजार पडतं. आनि कंपनी कुटुंबाला दीड हजारच वाढवून देते. बघा ना! ती भाड्याचेच पैसे देतेय."

प्रेमानं वाल सोलायचे थांबवले. "खरंच की गो."

"योगायोग असंल," दीपेश म्हणाला.

"असंल. फोन करून इचारा. आज शुक्रवार, जैतूभावजींना सुट्टी. खोलीवरच असतील."

"परत शंभर-दीडशे जातील."

"जाऊ दे."

"नम्रता, उगीच आशा नको लावू. नंतर जास्त वाईट वाटंल."

तो फॉर्मकडं बघत नव्हता, काजलकडं बघत होता. नम्रतानं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. अठरा हजार या आकड्यानं तिचं जसं काहीतरी मोडलं होतं तसं त्याचं मोडलेलं नव्हतं. उलट त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोनदा रेघ त्यानं उगीच मारली नव्हती.

ती उठून मागच्या पडवीत गेली. मडक्यातून पाणी घेतलं, प्यायली नाही. दीपेश मागोमाग आला.

"तुमाला आमी यायला नकोय," ती म्हणाली.

"तसं नाय गो."

"मग कसं?"

त्यानं पडवीच्या कुडावर टांगलेला कोयता सरळ केला. "मला भ्या वाटतं," तो म्हणाला. "इथं तू आजारी पडलीस तर दादा हाय, वहिनी हाय, आये हाय. तिथं कंपनीनं उद्या नको म्हटलं तर काजलला घेऊन मी कुठं उभा राहू? भट्टीवर शेठ ओरडायला लागला की बा आमाला घेऊन झाडाखाली बसायचा. तिथं झाड बी नाय."

नम्रताचा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला, आणि तो तिनं मुद्दाम राखला.

"तर तेवढं बोलायचं होतं. आकड्याच्या मागं कशाला लपलात? भ्या मला बी वाटतं. पन दोन वर्षांनी तुमी याल नि काजल तुमाला काका म्हनंल, त्याचं भ्या मला जास्त वाटतं. फोन करा. वर्षाचं नसलं तर मी एक शब्द काढनार नाय."

ती दोघं बाहेर आली तर ओट्यावर वेगळंच पेटलं होतं.

"पोर इथं राहिली तर मरंल का?" हनुमान प्रेमाला विचारत होता. "मी नाय राहिलो? आये-बा भट्टीवर, दीपेश त्यांच्या कडेवर, नि मी आजीजवळ. सा-सा महिने. शाळा बुडू नये म्हनून. मेलो का मी?"

"मेला नाय," प्रेमा म्हणाली. ती या घरात सहसा भांडणाच्या कडेनं चालणारी बाई होती, आणि सकाळपर्यंत ती नवऱ्याच्याच बाजूची होती. नम्रता घरात राहिली तर कामाला दोन हात राहतील, एवढा साधा हिशेब तिचाही होता. "पन अजून बी आई शहापूरच्या बाजाराला गेल्या की तुमी दारात उभे असता. जेवायला बसवलं तरी उठून बाहेर बघता. चाळीस वर्षांचा बाप्या! मला सगळं दिसतं. मी बोलत नाय."

हनुमानचा चेहरा पडला. आईकडं बघणं त्यानं टाळलं, पण सकुबाई त्याच्याकडंच बघत होती.

"शाळेसाठी ठेवला तुला," ती म्हणाली. "बरोबरच केलं का चुकलं ते मला अजून कळत नाय. पन त्या सा महिन्यांत माजा अर्धा जीव इथंच असायचा, हनुमान. इटा थापताना मी तुजंच नाव घेऊन मोजायची. ह्या पोरीला तसं नको ठेवू."

पंचवीस-तीस वर्षांत हे वाक्य या घरात कुणी बोललं नव्हतं. हनुमान उठला. खुंटीवरचा शर्ट काढून त्यानं अंगात घातला, एक बटण चुकवून. आता हा रागानं निघून जाणार असं नम्रताला वाटलं.

"टेम्पोत बसा दोघं," तो म्हणाला. "आनि फोनचे पैसे मी देनार. कुनी मधी बोलायचं नाय."

हनुमान चालवायचा तो आटगावच्या गोदामाचा टेम्पो शुक्रवारी घरी उभा असायचा. शहापूरपर्यंतच्या वाटेत तिघांत एकच वाक्य झालं, तेही हनुमानचं, आणि ते एका म्हशीला उद्देशून होतं.

बूथवर दीपेशनं नंबर फिरवला आणि रिंग वाजायला लागल्यावर रिसीव्हर नम्रताच्या हातात दिला. "तूच इचार," तो म्हणाला. "मी परत मीटरकडंच बघत बसंन."

"हॅलो, भावजी? मी नम्रता बोलते. दीपेशची. एकच इचारायचंय. ते भाडं अठरा हजार सांगितलंत, ते महिन्याचं का वर्षाचं?"

पलीकडं जैतू असा हसला की बाहेर उभ्या हनुमानलाही ऐकू गेलं.

"वहिनी, वर्षाचं! इथं सगळं वर्षाचंच असतं. महिन्याला अठरा हजारात तर राजवाडा मिळंल. तो येडा काय महिन्याचं समजला का?"

नम्रता काचेकडं वळली. बाहेर हनुमान भुवया उंचावून विचारत होता आणि ती नुसती मान हलवत होती. हो, हो, हो.

"पन एक ऐका," जैतू म्हणाला. "घरमालक वर्षाचे चार चेक घेतो. पहिला आधीच द्यायचा, साडेचार हजार. वर डिपॉझिट हजार, दलालाचे नऊशे. चावी घ्यायच्या आधी एवढे हातात पाहिजेत. लिहून घ्या."

तिनं तळहातावर लिहून घेतलं. फोन ठेवला तेव्हा मीटरवर एकशे अठ्ठावीस रुपये होते. हनुमाननं दीडशे दिले आणि उरलेल्या बावीस रुपयांची सगळ्यांना भजी घेतली, घरच्यांची पुडी निराळी बांधून. भजीबद्दल आईनं सकाळी काय म्हटलं होतं ते बहुतेक त्याच्या लक्षात नव्हतं.

घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. आता ओट्यावर नवीन हिशेब मांडला गेला, आणि या वेळी पेन नम्रताच्या हातात होतं. भाडं दीड हजार, खाणं आठशे, लाइट-पाणी-गॅस अडीचशे, बस दोनशे, फोन शंभर, दवापाण्याला दीडशे, आणि घरी पाठवायचे हजार. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती, म्हणजे सकुबाईला कळावं. बेरीज चार हजार झाली.

"पाचशे उरतात," दीपेश म्हणाला. हे त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

"पन सुरवातीचे चौसष्टशे कुठून आननार?" हनुमान म्हणाला. "ऐंशी हजार रुपये होतात. इथंच गाडी अडली ना." तो आता त्यांच्या बाजूनं काळजी करत होता, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

काजलनं भजीची पुडी ताब्यात घेतली होती. सकुबाईनं त्यातलं एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाल्लं.

"आमी भट्टीवर पहिल्या दिवशी पोराला घेऊन जायचो का?" ती म्हणाली. "आदी तुमचा बाप एकला जायचा. दुसऱ्याच्या खोपीत पडायचा, आपली खोप बांधायचा, पानी कुठं, लाकूड कुठं ते बघायचा. मंग आमाला न्यायला यायचा. तवर खर्ची एका तोंडाची. उरलेली खोपीला."

नम्रतानं पान उलटलं. जैतूच्या खोलीत एक खाट चारशेला मिळत होती, तो मागच्याच फोनवर म्हणाला होता. खाणं चारशे, बस-फोन तीनशे, घरी हजार. साडेचार हजारांतून एकवीसशे गेले.

"महिन्याला चोवीसशे राहतात," ती म्हणाली. "तीन महिन्यांत बहात्तरशे. चौसष्टशे घराला. आठशे वर उरतात."

"आनि बायकोपोरांचा व्हिसा निघायला तसे बी तीन महिने लागतात," दीपेश म्हणाला. "एजंटच बोलला होता."

"तीन महिने मी राहीन," नम्रता म्हणाली. "तीन महिने म्हनजे काय? शिमगा होईस्तो."

"आठशेची भांडी नका घेऊ तिकडं," प्रेमा म्हणाली. "तवा नि पातेली इथून न्या. नि सुकट मी बांधून देईन, नीट बांधली तर वास नाय येत."

"विमानात सुकट?" हनुमान म्हणाला.

"का? शेख लोक खात नाय का?"

सगळे हसले. हनुमानही हसला, जरा उशिरानं. दीपेशनं फॉर्म मांडीवर घेतला, नम्रताच्या हातातलं पेन मागितलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. ती थोडी चौकोनाबाहेर गेली. त्यानं पुन्हा बघितलं, तशीच राहू दिली, आणि फॉर्म फुंकर घालून वाळवला. बॉलपेनची शाई वाळवायची गरज नसते हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग त्यानं काजलला उचलून घेतलं. तिच्या हाताला भजीचं तेल होतं आणि ते सगळं त्याच्या शर्टाला लागलं. नम्रता बघत होती. सकाळपासून दाबलेलं रडू आता मोकळं झालं आणि तिनं ते येऊ दिलं. तिला आनंद झाला होता, आणि सासूला सोडून जायचं वाईटही त्याच वेळी वाटायला लागलं होतं.

वरच्या वाटेनं बाईजा नाचणीची रिकामी गोणपाटं डोक्यावर घेऊन उतरत होती. त्यांची वरकस सालाला करणारी ती हीच. ओट्यावर सगळं घर जमलेलं बघून ती अंगणात थांबली.

"काय रे दीपेश, ठरलं का? नोकरीला चालला म्हनं लांब."

दीपेशनं आईकडं पाहिलं. सकुबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं होतं. त्यानं कडेवरच्या काजलला जरा वर सरकवलं.

"जगायला चाललोय, बाईजामावशे," तो म्हणाला. "तिघं बी."